सोसायटी ऑफिसच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड चालत नाहीये, फॉरमॅट न करता उघडता येईल का?

नवा_सेक्रेटरी_ठाणे

नमस्कार मंडळी, थोडं अर्जंट आहे म्हणून सविस्तर लिहितोय. आमची ठाण्यात जुनी सोसायटी आहे, यंदा नवीन कमिटी आली आणि सेक्रेटरीपद माझ्याकडे आलं. ऑफिसात एक असेंबल्ड डेस्कटॉप आहे, विंडोज 10, जुनी साधी हार्ड डिस्क, आणि त्यावर सगळं काम आधीचे मॅनेजर काका करायचे. काका आता रिटायर होऊन गावी गेलेत, माणूस एकदम सज्जन, फोन केला की उचलतात, पासवर्ड पण लगेच सांगितला, पण तो टाकला की चुकीचा आहे असंच येतं. त्यांनी परत परत सांगितलं की हाच आहे, मी रोज हाच टाकायचो, सोसायटीचं नाव. आम्ही कॅपिटलमध्ये, स्मॉलमध्ये, स्पेस देऊन, न देता, सगळं करून बघितलं.

आत काय काय आहे ते सांगतो म्हणजे टेन्शन का आलंय ते कळेल. टॅलीमध्ये सगळे हिशेब आहेत, मेंबर लोकांची मेंटेनन्सची बिलं, आय आणि जे रजिस्टरच्या (सभासदांच्या नोंदवह्यांच्या) एक्सेल फाइली, नॉमिनेशन फॉर्मचे स्कॅन, लिफ्टच्या एएमसीचे (वार्षिक देखभाल कराराचे) कागद, जुन्या एजीएमची (वार्षिक सभांची) इतिवृत्तं. ऑडिटर म्हणतायत जुलैअखेर ऑडिट व्हायला पाहिजे आणि सप्टेंबर संपायच्या आत एजीएम. बॅकअप म्हणून एक पेनड्राइव्ह कपाटात मिळाला पण त्यात फक्त गणपतीचे फोटो आहेत.

जवळच्या रिपेअरवाल्याला बोलावलं तर तो जरा बघून म्हणाला फॉरमॅट मारावा लागेल, डेटा जाईल, दुसरा उपाय नाही. चेअरमन साहेब म्हणतायत मारून टाक, नवीन सुरू करू. माझं मन होत नाहीये. खरंच दुसरा उपाय नाही का?

पाना_पक्कड

फॉरमॅट अजिबात मारू नका. परत लिहितो, अजिबात नाही. पासवर्ड हा विंडोजच्या दाराला आहे, डिस्कवरच्या फाइलींना नाही, तुमच्या वर्णनावरून तरी त्या डिस्कवर एन्क्रिप्शन (फाइलींनाच लावलेलं कुलूप) असण्याची शक्यता फार कमी वाटते, म्हणजे आत न शिरता पण टॅलीचा डेटा बाहेर काढता येईल. ज्याने दुसरा उपाय नाही म्हणून सांगितलं त्याला परत बोलावू नका.

आता आधी काही गोष्टी बघून सांगा.

लॉगिन स्क्रीनवर नावाखाली इमेल आयडी दिसतो का नुसतंच नाव दिसतं? इमेल असेल तर मायक्रोसॉफ्ट अकाउंट, मग पासवर्ड दुसऱ्या कुठल्याही मोबाइलवरून मायक्रोसॉफ्टच्या साइटवर जाऊन बदलता येतो, फक्त त्याचा कोड ज्या नंबरवर किंवा मेलवर जाईल तो हातात पाहिजे, आणि बदलल्यावर त्या पीसीला इंटरनेट जोडून मगच लॉगिन करायचं. नुसतं नाव असेल तर बहुधा लोकल अकाउंट, म्हणजे फक्त त्या मशीनपुरतं, आणि लोकल असेल तर मायक्रोसॉफ्टकडे त्याची काहीच नोंद नसते, कस्टमर केअरला फोन करून उपयोग नाही.

लोकल असेल तर एकदा मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकून ओके करा. पासवर्डच्या रकान्याखाली काकांनी ठेवलेला हिंट दिसेल, आणि रीसेट पासवर्ड अशी लिंक पण दिसेल. 2018 च्या 1803 अपडेटनंतर बनवलेलं लोकल अकाउंट असेल तर बहुतेक वेळा तीन सिक्युरिटी प्रश्न सेट केलेले असतात, पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव, जन्मगाव वगैरे. काका फोनवर आहेतच, उत्तरं विचारायची आणि नवीन पासवर्ड ठेवायचा, काम तिथेच संपलं. अकाउंट त्याच्या आधीचं असेल तर प्रश्न नसतील, लिंक दाबली की ती पासवर्ड रीसेट डिस्क मागेल, म्हणजे आधी बनवून ठेवलेला यूएसबी, जो कोणीच बनवत नाही.

खाली डाव्या कोपऱ्यात दुसरं एखादं अकाउंट दिसतंय का ते पण बघा, अॅडमिन नावाचं वगैरे. कधीकधी असेंबल करणारा बिनपासवर्डचं एक ठेवून देतो.

आणि कीबोर्ड. नमलॉकचा दिवा लागलाय का, कारण डेस्कटॉपला चालू करताना तो कधीकधी बंद असतो आणि मग उजवीकडच्या पॅडवरून मारलेले आकडे जातच नाहीत. पासवर्ड टाइप करायला लागलात की रकान्याच्या टोकाला डोळ्याचं चिन्ह येतं, ते दाबून धरा, नक्की काय टाइप होतंय ते दिसेल. उजवीकडे खाली भाषेचं चिन्ह असतं, तिथे काय लिहिलंय ते पण सांगा. सोसायटीच्या नोटिसा मराठीत निघत असतील तर त्या मशीनवर मराठी कीबोर्ड टाकलेला असणारच, आणि तो मराठीवर असला तर तुम्ही एच दाबलं की प पडतो आणि एम दाबलं की स, वरून नुसते ठिपके दिसतात त्यामुळे कळत नाही.

नवा_सेक्रेटरी_ठाणे

धन्यवाद हो, एवढ्या पटकन उत्तर येईल वाटलं नव्हतं. ऑफिसात बसूनच लिहितोय. नुसतं नाव आहे, इमेल नाही. दुसरं अकाउंट नाही. रीसेटची लिंक आहे पण ती दाबली की यूएसबी जोडा म्हणतंय. हिंटमध्ये "नेहमीचं" एवढंच लिहिलंय. डोळ्याचं चिन्ह दाबून बघितलं तर इंग्रजी अक्षरं बरोबर पडतायत, खाली इएनजी आहे. नमलॉक चालू आहे.

मी यूट्यूबवर एक पाहिलं, विंडोजचा यूएसबी लावून युटिलमनच्या (लॉगिन स्क्रीनवरच्या एका बटनामागच्या प्रोग्रॅमच्या) जागी सीएमडी म्हणजे कमांडची काळी खिडकी ठेवायची आणि मग पासवर्ड उडवायचा. ते करू का? भाचा करून देतो म्हणतोय.

लिनक्सवाला_कोल्हापूर

थांबा थांबा. ती ट्रिक खरी आहे, वर्षानुवर्षं चालत आलीय, पण ती शेवटची पायरी आहे, पहिली नाही. एक तर हल्ली विंडोज डिफेंडर ती ओळखून अडवतो मग लोक सेफ मोडमध्ये जाऊन अजून उचापती करतात, आणि सिस्टमच्या फाइलींची नावं बदलताना एक जरी चुकली तर मशीन चालू व्हायचे वांधे. दुसरं जास्त महत्त्वाचं. विंडोजमधला पासवर्ड जुना माहीत असताना बदलणं वेगळं आणि बाहेरून जबरदस्तीने उडवणं वेगळं. बाहेरून उडवला तर क्रोमने सेव्ह केलेले सगळे पासवर्ड गेले म्हणून समजा, कारण त्यांचं कुलूप जुन्या लॉगिन पासवर्डवरूनच बनलेलं असतं. तुमच्या काकांनी लाइट बिलाचं, पाणीपट्टीचं, प्रॉपर्टी टॅक्सचं लॉगिन क्रोममध्येच ठेवलं असणार, मी पैज लावतो. कोणी फाइलींना विंडोजचं एन्क्रिप्शन लावलं असेल तर त्या पण उघडणार नाहीत.

त्यामुळे आधी डेटा बाहेर काढा, मग पासवर्डच्या मागे लागा. डेटा हातात आला की चेअरमनांची घाई पण कमी होईल आणि तुमची झोप पण परत येईल.

कसं करायचं ते सांगतो. दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरवर उबुंटू (विंडोजऐवजी चालणारी लिनक्सची एक सिस्टम) फुकट डाउनलोड करा आणि रूफस नावाच्या छोट्या प्रोग्रॅमने 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर टाका. त्या पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, गणपतीच्या फोटोंचा घेऊ नका. मग सोसायटीच्या पीसीच्या लॉगिन स्क्रीनवर उजवीकडे खाली पॉवरचं बटन आहे तिथून रीस्टार्ट करा. शटडाउन नाही, रीस्टार्टच. विंडोज 10 मध्ये फास्ट स्टार्टअप म्हणून प्रकार असतो, शटडाउन केलं तरी विंडोज अर्धवट झोपलेलं असतं आणि मग लिनक्स ती डिस्क एक तर फक्त वाचायला उघडतं नाहीतर कुरकुर करतं. रीस्टार्टमध्ये ते पूर्ण बंद होतं. मशीन चालू होताना बूट मेनूचं बटन दाबायचं, बोर्डाप्रमाणे एफ 8, एफ 11, एफ 12 यातलं काहीतरी असतं, पहिल्या स्क्रीनवर लिहिलेलं येतं. पेनड्राइव्ह निवडा आणि मग अत्यंत महत्त्वाचं, ट्राय उबुंटू निवडा. इन्स्टॉल दाबलं तर जे टाळायला बसलोय तेच होईल. भाच्याला करू द्या पण शेजारी बसा.

उबुंटू उघडलं की फाइल्समध्ये जाऊन आतली डिस्क उघडायची, जसं विंडोजमध्ये दिसतं तसंच सगळं दिसेल, पासवर्ड विचारणार नाही. इथे जर पासफ्रेज मागितला तर समजायचं बिटलॉकर (विंडोजचं पूर्ण डिस्कचं कुलूप) आहे, मग तिथेच थांबा आणि इथे येऊन लिहा. नाही मागितला तर बाहेरची यूएसबी हार्ड डिस्क लावा आणि कॉपी सुरू करा. बाहेरची डिस्क फॅट 32 फॉरमॅटची असेल तर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल घेत नाही, एक्सफॅट किंवा एनटीएफएस असलेली घ्या.

काय घ्यायचं: यूझर्समधलं काकांच्या अकाउंटचं पूर्ण फोल्डर, म्हणजे डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स सगळं आलं. डी ड्राइव्ह असेल तर तो पूर्ण. आणि टॅली त्या फोल्डरात नसतं हे लक्षात ठेवा, इथेच लोक फसतात. टॅलीप्राइमचा डेटा नेहमीच्या सेटिंगला यूझर्सच्या आत पब्लिक, त्यात टॅलीप्राइम, त्यात डेटा असा असतो, जुनं ईआरपी 9 असेल तर पब्लिकमध्ये त्याच्या नावाचं फोल्डर. आत आकडी नावाची फोल्डरं दिसतील, एकेक म्हणजे एकेक कंपनी. सगळी उचला.

कॉपी झाल्यावर ती डिस्क घरच्या लॅपटॉपला लावा, एक्सेलच्या दोनचार फाइली उघडून बघा आणि टॅलीचं एज्युकेशन मोड फुकट मिळतं त्यात ती कंपनी उघडते का बघा. उघडून बघितल्याशिवाय बॅकअप झाला असं म्हणू नका.

हिशेबवही

तांत्रिक सगळं वर आलंच आहे, मी सोसायटीचे हिशेब बरीच वर्षं बघतेय म्हणून दुसऱ्या बाजूने लिहिते. सेक्रेटरी साहेब, हे काम एकट्याने आणि रात्री बसून करू नका. त्या मशीनमध्ये सगळ्या मेंबरांचे आधार, पॅन, नॉमिनेशन, कोणाची किती थकबाकी आहे हे सगळं आहे. कमिटीच्या मीटिंगमध्ये एक ओळीचा ठराव घ्या, की सोसायटीच्या मालकीच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड उपलब्ध नसल्यामुळे अमुक दोन सदस्यांसमोर डेटा काढून घेण्यात येत आहे, आणि इतिवृत्तात नोंद करा. मशीन सोसायटीचं आहे त्यामुळे तुम्ही काही चुकीचं करत नाही, पण मालकाच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमधून डेटा काढणं हे माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 च्या कलम 43 मध्ये येतं, त्यामुळे परवानगी कागदावर असलेली बरी. उद्या एखादा थकबाकीदार मेंबर उठून म्हणाला की नव्या कमिटीने आकडे बदलले तर हाच कागद कामाला येतो. खजिनदारांना शेजारी बसवा. काम भाच्याने केलं तरी कॉपी केलेली डिस्क त्याच्या घरी जाऊ देऊ नका, ऑफिसच्या कपाटात कुलपात.

तुमचे काका सहकार्य करतायत हे नशीब. दफ्तरच देत नाहीत अशी माणसं मी पाहिली आहेत, तिथे मग सहकार कायद्याच्या कलम 80 खाली निबंधकांकडे जाऊन दफ्तर ताब्यात घ्यावं लागतं आणि त्यात एजीएम लटकते.

एक विचारून घ्या काकांना, टॅलीव्हॉल्टचा पासवर्ड लावलाय का. तो वेगळा असतो, कंपनीच्या डेटालाच लावलेला, आणि तो हरवला तर टॅली कंपनीही काढून देऊ शकत नाही. विंडोजचा एक वेळ सुटेल, हा नाही.

मांडवीकाठ

मध्येच विचारतेय माफ करा पण माझं पण असंच आहे. मुलीचा लॅपटॉप, विंडोज 11, गेल्या वर्षी घेतला, काल काहीतरी अपडेट झालं आणि आता निळी स्क्रीन येऊन 48 आकड्यांची की मागतोय. आम्ही असलं काही कधी लावलंच नव्हतं. वर उबुंटूने फाइली निघतात वाचलं, ते इथे चालेल का? तिचं कॉलेजचं प्रोजेक्ट आहे त्यात.

पाना_पक्कड

ताई, तुमची केस वेगळी आहे, इथे उबुंटू चालणार नाही. हे बिटलॉकर. नवीन लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने पहिल्यांदा लॉगिन केलं की विंडोज स्वतःहून डिस्क एन्क्रिप्ट करतं, कोणाला विचारत नाही, म्हणून तुम्हाला लावल्याचं आठवत नाही. बायोसचं (मशीन चालू करणाऱ्या आतल्या प्रोग्रॅमचं) अपडेट झालं किंवा बूटची सेटिंग बदलली की त्याला संशय येतो आणि की मागतो.

घाबरू नका, बहुतेक वेळा ती की त्याच मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते. मोबाइलवरून मुलीच्या अकाउंटला लॉगिन करा, डिव्हायसेसमध्ये जाऊन बिटलॉकर रिकव्हरी की बघा. निळ्या स्क्रीनवर की आयडी दिला असेल, त्याची पहिली आठ अक्षरं जिथे जुळतात त्याच्या समोरची 48 आकडी की टाकायची. एकापेक्षा जास्त कीज दिसल्या तर त्यासाठीच आयडी जुळवायचा.

तिथे नसेल तर आठवा, लॅपटॉप सुरू करून कोणी दिला होता? पुष्कळदा दुकानातला मुलगा पटकन व्हावं म्हणून स्वतःच्याच मेलने पहिलं लॉगिन करून देतो, मग की त्याच्या अकाउंटला जाते. दुकानात जाऊन त्याला त्याचं अकाउंट उघडायला लावा. कॉलेजच्या मेलने लॉगिन केलं असेल तर की कॉलेजच्या आयटीवाल्यांकडे मिळेल. कुठेच नाही मिळाली तर मात्र त्या डिस्कवरचा डेटा कोणीच काढू शकत नाही, कितीही पैसे घेऊन काढून देतो म्हणणाऱ्याला देऊ नका. वनड्राइव्ह चालू असेल तर प्रोजेक्ट तिथे ऑनलाइन असण्याची शक्यता आहे, आधी ते बघा, ब्राउझरमधून.

मांडवीकाठ

मिळाली! दुकानदाराच्या मेलवरच होती. तो पण चकित झाला. लॅपटॉप उघडला, प्रोजेक्ट आहे. देव बरें करूं तुमचं. आता अकाउंट तिच्या नावावर करून घेते.

पाना_पक्कड

मस्त. अकाउंट बदलल्यावर की पण नवीन अकाउंटला सेव्ह करा, कंट्रोल पॅनलमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन शोधलं की बॅकअपचा पर्याय आहे, आणि एक प्रिंट काढून घरात ठेवा.

नवा_सेक्रेटरी_ठाणे

मंडळी, अपडेट देतो. हिशेबवही ताईंनी सांगितल्याप्रमाणे ठराव घेतला, खजिनदार आणि मी दोघं बसलो, भाच्याने उबुंटू लावलं. पासफ्रेज काही मागितला नाही, सरळ सगळं दिसलं. टॅलीचं फोल्डर सांगितलं तिथेच होतं. सगळं कॉपी केलं आणि खजिनदारांच्या लॅपटॉपवर कंपनी उघडून मार्चअखेरची बॅलन्स शीट बघितली, छापील कॉपीशी जुळली. टॅलीव्हॉल्ट नाहीये. चेअरमन साहेब पण आता शांत आहेत.

आणि पासवर्ड पण सापडला, तो किस्सा सांगायलाच हवा कारण पाना_पक्कड यांनी कीबोर्डबद्दल विचारलं होतं त्यावरूनच सुचलं, फक्त उलट्या बाजूने. काकांना फोनवर म्हटलं काका तुम्ही पासवर्ड टाकताना कोणती बटनं दाबायचात ते एकेक सांगा. तर ते म्हणाले बटनं कसली, सोसायटीचं नाव, मराठीत. ते आधी सरकारी नोकरीत होते, इन्स्क्रिप्टवर (मराठी कीबोर्डच्या एका रचनेवर) त्यांचा हात बसलेला, मशीनवर आल्यावर पहिलं काम म्हणजे कीबोर्ड मराठी करायचे आणि मग पासवर्ड. आम्ही आपले इंग्रजी स्पेलिंगच्या मागे लागलेलो. खाली इएनजी होतं ते बदलून मराठी केलं, डोळ्याचं चिन्ह दाबून धरलं आणि काकांनी फोनवर सांगितल्याप्रमाणे एकेक अक्षर टाकलं, जोडाक्षराला जरा अडलो, तिथे अर्ध्या अक्षरानंतर डी दाबायचं असतं म्हणे. उघडलं एकदाचं! क्रोममधले सगळे पासवर्ड जागेवर आहेत, लाइट बिल, पाणीपट्टी, सगळं. पैज तुम्ही जिंकलात कोल्हापूरकर.

काकांना पण फार बरं वाटलं. त्यांना वाटत होतं आपण काहीतरी विसरलो आणि लोकांना त्रास झाला.

आता पुढे काय काय करून ठेवू तेवढं सांगा, आणि टॅलीचं लायसन्स काकांच्या स्वतःच्या मेलवर आहे असं ते म्हणाले, त्याचं काय करायचं?

लिनक्सवाला_कोल्हापूर

वा वा, हे भारीच झालं. इन्स्क्रिप्टवाला पासवर्ड मी पण पहिल्यांदाच ऐकला.

आता लॉगिन असतानाच करून घ्या. आधी क्रोममधले पासवर्ड सीएसव्हीमध्ये (साध्या तक्त्याच्या फाइलीत) एक्सपोर्ट करून त्याची प्रिंट काढा आणि ती फाइल पुसून टाका, कारण त्यात सगळं उघडं लिहिलेलं असतं. मग दुसरं एक अॅडमिन अकाउंट बनवा ज्याचा पासवर्ड रोज कोणी वापरणार नाही, तो कागदावर लिहून, पाकीट सील करून, चेअरमन आणि खजिनदार दोघांच्या सहीने कपाटात. रोजचं काम साध्या अकाउंटमधून. पासवर्ड इंग्रजी ठेवा किंवा मराठी ठेवा, पण कोणता कीबोर्ड लावून टाकायचा ते पण त्या कागदावर लिहा. जुनी हार्ड डिस्क आहे तर तिच्या भरवशावर राहू नका, टॅलीचा बॅकअप दर आठवड्याला बाहेरच्या डिस्कवर.

आणि विंडोज 10 चे नेहमीचे फुकट सिक्युरिटी अपडेट्स 14 ऑक्टोबर 2025 ला संपले. सोसायटीच्या पैशाचे व्यवहार त्या मशीनवरून होत असतील तर एजीएममध्ये नवीन पीसीचा विषय घ्याच.

हिशेबवही

लायसन्सचं मी सांगते. टॅलीप्राइममध्ये एफ 1 दाबून हेल्प, तिथून सेटिंग्ज, मग लायसन्स, तिथे कोणत्या मेलवर आहे ते दिसेल. काका आहेत आणि मशीन चालू आहे तोवर सोसायटीचा एक वेगळा मेल आयडी काढा आणि लायसन्सचं अकाउंट त्यावर घ्या, मेलवर येणारा कोड काका सांगतील. नवीन पीसी घ्याल तेव्हा जुन्या मशीनवरून लायसन्स आधी सरेंडर करायचं आणि मग नव्यावर अॅक्टिव्हेट. जुनी डिस्क बंद पडल्यावर करायला गेलात तर रीअॅक्टिव्हेट करावं लागतं आणि त्याची अनलॉक की नोंदवलेल्या मेलवरच येते, म्हणून मेलचं काम याच आठवड्यात उरकून घ्या, ऑडिटच्या आधी.